रक्तावरून यकृताचा फायब्रोसिस: नागपुरात बायोमार्कर संच बसवायचा तर घसरगुंडी कुठे कुठे आहे?

संत्रानगरी_लॅब | सोमवार, रात्री ९:१२

यकृतात सुई न घालता, नुसत्या रक्तावरून फायब्रोसिसची, म्हणजे यकृतात साचणाऱ्या व्रणतंतूंची, पायरी सांगणारा बायोमार्करचा (रक्तातल्या खूणपदार्थांचा) संच इथल्या नमुन्यांवर बसवायचा घाट घातलाय. फॅटी लिव्हर असलेले ४०० रुग्ण, त्यांतले निम्मे तरी मधुमेही. एलायझाने (प्लेटवरच्या रंगचाचणीने) पाच गोष्टी मोजायच्या: हायलुरोनिक ॲसिड, पीथ्रीएनपी, टिम्प-१, प्रो-सी३ आणि वायकेएल-४०. सोबतीला वय, एएसटी, एएलटी (यकृताची एन्झाइम), प्लेटलेट. सगळं एका सूत्रात घालून एकच आकडा काढायचा. ज्यांची बायोप्सी (यकृताचा तुकडा काढून तपासणं) होईल त्यांची तुलना बायोप्सीशी, उरलेल्यांची फायब्रोस्कॅनशी (यकृताचा ताठरपणा मोजणारं यंत्र).

किट एकदाच मागवता येणार आहेत, त्यामुळे चुका आत्ताच दाखवा. मुख्य प्रश्न तीन. सीरम की प्लाझ्मा? ४०० पुरेत का? सिकलसेलचे रुग्ण वगळायचे का?

यकृतरेषा | सोमवार, रात्री ९:५८

त्याआधी एक चौथा प्रश्न: हा आकडा बघून डॉक्टर नेमकं काय करणार?

'याला पुढचा फायब्रोसिस नाही, घरी जाऊ दे' एवढंच सांगायचं असेल तर चाचणी एका प्रकारे बसवावी लागते. एफ२-एफ३ (एफ० म्हणजे फायब्रोसिस नाही, एफ४ म्हणजे सिरोसिस; एफ३ पासून 'पुढचा') चे रुग्ण औषधासाठी निवडायचे असतील तर अगदी वेगळ्या प्रकारे. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत रेसमेटिरॉमला (फॅटी लिव्हरवरचं औषध) मान्यता मिळाली ती सिरोसिस नसलेल्या एफ२-एफ३ साठी, आणि त्याच्या लेबलवर बायोप्सीची सक्ती नाही. तेव्हापासून एफ१ आणि एफ२ मधल्या सीमेला एकदम भाव आला, आणि रक्तातले जवळजवळ सगळे मार्कर नेमके तिथेच लंगडे पडतात. सिरोसिस ओळखणं त्यामानाने सोपं. दोन्ही कामं एकाच कटऑफने (सीमेच्या आकड्याने) होत नाहीत, म्हणून लक्ष्य कागदावर लिहून मगच पुढे जा. माझं मत विचाराल तर एफ३ आणि पुढे हे लक्ष्य धरा.

दुसरं, पाचपैकी दोन मार्कर एकाच झाडाचे आहेत. पीथ्रीएनपीची जुनी चाचणी तिसऱ्या प्रकारच्या कोलॅजनच्या टोकाचा तुकडा मोजते. तो तुकडा कोलॅजन नवीन तयार होताना सुटतो आणि जुनं तुटतानाही सुटतो. प्रो-सी३ ची अँटिबॉडी फक्त तयार होताना कापलं गेलेलं टोक ओळखते. जैविकदृष्ट्या प्रो-सी३ जास्त नेमकं, पण सूत्रात दोघं एकमेकांच्या पायात येतील. एकच ठेवा.

वायकेएल-४० बद्दल माझा उत्साह कमीच. मॅक्रोफेज पेशी ते जिथे दाह असेल तिथे सोडतात. संधिवात, दमा, वाढतं वय, सगळ्यात ते चढतं. यकृताचा त्यावर खास हक्क नाही.

धंतोलीकर | सोमवार, रात्री १०:२०

एक रोखठोक प्रश्न. फिब-४ हा वय, एएसटी, एएलटी आणि प्लेटलेटवरून काढायचा आकडा फुकटात निघतो. सीबीसी आणि एएसटी-एएलटी तर तालुक्याच्या गावातही होतं. मग हा खटाटोप काऊन?

यकृतरेषा | सोमवार, रात्री १०:४७

प्रश्न रास्त आहे भाऊ. म्हणूनच नव्या संचाची पहिली लढत फिब-४ शीच लावायची, शून्याशी नाही.

ज्यांना हवं त्यांच्यासाठी सूत्र: वय गुणिले एएसटी, भागिले (प्लेटलेट गुणिले एएलटीचं वर्गमूळ). २००६ साली ते एचआयव्ही आणि हेपॅटायटिस सी दोन्ही असलेल्या रुग्णांवर बांधलं गेलं आणि तेव्हाचे कटऑफ १.४५ व ३.२५ होते. फॅटी लिव्हरसाठी आता १.३ आणि २.६७ वापरतात. १.३ च्या खाली पुढचा फायब्रोसिस असण्याची शक्यता कमी, २.६७ च्या वर बरीच, आणि मधले सगळे लटकलेले. या मधल्यांसाठीच दुसरी चाचणी लागते. युरोपातल्या संघटनांच्या २०२४ च्या मार्गदर्शनात फिब-४ नंतर फायब्रोस्कॅन, तो नसेल तर ईएलएफसारखी (हायलुरोनिक, पीथ्रीएनपी आणि टिम्प-१ चं तयार सूत्र) रक्तचाचणी, असा जिना आहे. तुमच्या संचाची जागा त्या दुसऱ्या पायरीवर.

गणितात आपल्याकडे हमखास होणारी गफलत अशी: प्लेटलेट 'लाखात' लिहिलेले असतात आणि सूत्राला हजारात लागतात. १.८ लाख म्हणजे १८०. वय ५२, एएसटी ४८, एएलटी ६०, प्लेटलेट १८० धरले तर उत्तर १.७९. कुणी १.८ टाकलं तर १७९ येतं, ते लगेच डोळ्यांत भरतं. १,८०,००० टाकलं तर ०.००१८ येतं, आणि एक्सेलमध्ये तो 'नॉर्मल' म्हणून बिनबोभाट निघून जातो.

वयाचंही बघा. ७० वर्षांचे आजोबा, एएसटी ३०, एएलटी २५, प्लेटलेट २१०. सगळं नॉर्मल, आणि फिब-४ बरोबर २.०. म्हणून ६५ च्या पुढे खालचा कटऑफ २.० धरतात. ३५ च्या आत हे सूत्र वापरूच नये.

आकडेमोड | मंगळवार, सकाळी ७:३५

४०० चं उत्तर देतो. एकूण किती यावर काही ठरत नाही, एफ३-एफ४ चे किती मिळतात यावर ठरतं. मधुमेहाच्या ओपीडीतून घेतलेल्यांत १२ टक्के निघाले असं धरा, म्हणजे ४८ जण. संवेदनशीलता (आजारी असलेल्यांतले किती पकडले) ८५ टक्के आली तर ९५ टक्के विश्वासाची पट्टी साधारण ७५ ते ९५. एवढ्या रुंद पट्टीत चांगली चाचणीही बसते आणि टाकाऊही. पट्टी ±७ वर आणायची असेल तर पुढच्या फायब्रोसिसचे १०० रुग्ण हवेत. त्यात सूत्रात नऊ चल (म्हणजे घटक) घालताय, म्हणजे प्रत्येक चलामागे जेमतेम पाच रुग्ण. असं सूत्र आपल्याच डेटावर झकास चालतं आणि दुसऱ्या रुग्णालयात तोंडावर आपटतं. चल चार-पाचवर आणा, बूटस्ट्रॅपने (त्याच डेटातून पुन्हा पुन्हा नमुने काढून) फुगवटा मोजा, आणि तपासणीचा गट शक्यतो दुसऱ्या संस्थेतून घ्या. एकाच डेटाचे ७०-३० तुकडे करून 'व्हॅलिडेशन झालं' म्हणणं ही स्वतःची समजूत काढणं आहे.

मग लोक १०० आकडा गाठायला सोपी वाट धरतात: सिरोसिसचे उघड रुग्ण वॉर्डातून उचलायचे, आणि एफ० म्हणून निरोगी रक्तदाते. एका टोकाला जलोदर झालेला माणूस, दुसऱ्या टोकाला पंचविशीतला दाता. एयूआरओसी (चाचणी आजारी आणि निरोगी किती वेगळे करते त्याचा आकडा, १ म्हणजे अचूक) ०.९५ येणारच, त्यासाठी बायोमार्कर कशाला, चेहरा बघून सांगता येईल. खऱ्या ओपीडीत गर्दी एफ१-एफ२ ची असते. रुग्ण ओळीने घ्या, निवडून नको. आणि अहवालात प्रत्येक पायरीचे किती रुग्ण होते ते छापा.

आता धंतोलीकरांसाठी हिशोब. संवेदनशीलता ८० आणि विशिष्टता (निरोगी असलेल्यांतले किती निरोगी सांगितले) ८० टक्के असलेली चाचणी घ्या. गावातल्या शिबिरात १००० जण आले, त्यांत ५ टक्क्यांना म्हणजे ५० जणांना पुढचा फायब्रोसिस. चाचणी ४० पकडेल आणि निरोगी ९५० पैकी १९० जणांना उगाच घाबरवेल. पॉझिटिव्ह आलेल्यांत खरे फक्त १७ टक्के. तीच चाचणी लिव्हर क्लिनिकमध्ये, जिथे ४० टक्के लोकांना आजार आहे, तिथे पॉझिटिव्हमधले ७३ टक्के खरे. किट तेच, नळी तीच. शिबिरात मात्र निगेटिव्ह उत्तर ९८ टक्क्यांहून जास्त वेळा बरोबर असतं. म्हणून शिबिरात ती 'नाही' सांगायला वापरायची.

आणि कटऑफ यूडेन निर्देशांकाने काढू नका. तो आजारी माणूस सुटणं आणि निरोगी माणूस पकडणं यांना सारखं वजन देतो. दोन कटऑफ आधीच ठरवा आणि आराखडा सीटीआरआयवर (भारतातली क्लिनिकल ट्रायल नोंदवही) नोंदवताना तिथेच लिहून ठेवा, म्हणजे नंतर हात शिवशिवणार नाहीत.

सूक्ष्मदर्शी | मंगळवार, सकाळी ११:०५

बायोप्सी आणि फायब्रोस्कॅन एकाच रकान्यात कालवू नका. कुणाची बायोप्सी होते? ज्यांचे आकडे वाईट दिसतात त्यांची. म्हणजे बायोप्सीच्या गटात आजार आधीच गाळून गोळा झालेला आणि स्कॅनच्या गटात विरळ. या पक्षपाताने संवेदनशीलता फुगते. त्यातून फिब-४ बघूनच बायोप्सीला पाठवणार असाल तर एएसटी आणि प्लेटलेट असलेलं तुमचं सूत्र स्वतःच स्वतःचा परीक्षक झालं.

बायोप्सीला 'सुवर्ण' म्हणतात, पण तिलाही खोट आहे. सुई यकृताचा सुमारे पन्नास हजारावा भाग काढते आणि फायब्रोसिस सगळीकडे सारखा नसतो. तुकडा किमान १५ मिलिमीटर, २५ मिळाला तर उत्तम, पोर्टल ट्रॅक्ट ११ तरी हवेत. लांबी आणि ट्रॅक्टची संख्या प्रत्येक अहवालात लिहा आणि आखूड तुकडे विश्लेषणातून काढायचा नियम आधीच करा. रंग मॅसन ट्रायक्रोम किंवा सिरियस रेड. नुसत्या एच-ई वर (नेहमीच्या रंगावर) पायरी ठरवू नका. दोन पॅथॉलॉजिस्ट, दोघांनाही रक्ताचे आकडे माहीत नसावेत, मतभेद झाला तर तिसरा. पायरी ठरवायची पद्धत एकच धरा. मेटाव्हिर, इशाक आणि नॅश-सीआरएन यांच्या पायऱ्या सारख्या दिसतात पण सारख्या नाहीत. इशाक तर ० ते ६ आहे.

याचा एक परिणाम लोक विसरतात. मोजपट्टीच ९० टक्के बरोबर असेल तर अगदी निर्दोष मार्करचाही एयूआरओसी ०.९ च्या आसपास अडकतो. कुणी ०.९८ दाखवला तर कौतुक नंतर, आधी रुग्ण कसे निवडले ते विचारा.

रक्त आणि बायोप्सी एकाच दिवशी जमलं तर फार छान, नाहीतर तीन महिन्यांच्या आत. एक मात्र पक्कं: रक्त बायोप्सीच्या आधी काढा.

नळी_आणि_सुई | मंगळवार, दुपारी २:४०

सीरम की प्लाझ्मा, हे टिम्प-१ वर ठरतं. टिम्प-१ प्लेटलेटमध्ये भरलेलं असतं. रक्त गोठताना ते बाहेर येतं, म्हणून सीरममध्ये ते प्लाझ्मापेक्षा जास्त भरतं, आणि गोठायला किती वेळ दिला त्यावरही हलतं. ईएलएफचे छापील कटऑफ सीरमवरचे आहेत. त्याच्याशी तुलना करायची तर सीरमच घ्या आणि वेळ घट्ट बांधा: जेलच्या नळीत ३० मिनिटं उभी ठेवायची, तासाच्या आत फिरवायची, १५०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या पटीत) वर १० मिनिटं. पुढेमागे सूक्ष्म-आरएनए किंवा टीजीएफ-बीटा बघायची इच्छा असेल तर एक ईडीटीए नळी जास्तीची घ्या, २५०० जी वर १५ मिनिटं, वरचा प्लाझ्मा काढून पुन्हा तेवढंच. एकदाच फिरवलेल्या प्लाझ्मात प्लेटलेट उरतात, गोठवून वितळवलं की फुटतात, आणि मग तुम्ही यकृत नाही, प्लेटलेट मोजत बसता.

उपवास सक्तीचा. हायलुरोनिक ॲसिड जेवणानंतर चढतं, आणि यकृत बिघडलेलं असेल तर जास्तच, कारण ते रक्तातून उचलायचं काम यकृतातल्या सायनुसॉइडच्या अस्तराच्या पेशी करतात. किती फरक पडतो ते ईएलएफच्या सूत्रावर बघा. सेंटॉर यंत्रासाठीचं सूत्र: २.२७८ + ०.८५१ × हायलुरोनिकचा नैसर्गिक लॉग + ०.७५१ × पीथ्रीएनपीचा लॉग + ०.३९४ × टिम्प-१ चा लॉग. हायलुरोनिक ६०, पीथ्रीएनपी ९, टिम्प-१ २२० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर असेल तर उत्तर ९.५४. रुग्ण लॅबला येताना टपरीवर तर्री पोहे हाणून आला आणि हायलुरोनिक दुप्पट झालं असं धरा, उत्तर १०.१३. ९.८ चा कटऑफ ओलांडला, तोही एका प्लेट पोह्यांत. रात्रीचं जेवण नऊच्या आत, सकाळी पाण्याशिवाय काही नाही, आणि चढउतार करून आल्यावर वीस मिनिटं बसवून मगच रक्त. व्यायामानेही हायलुरोनिक हलतं.

धंतोलीकर | मंगळवार, दुपारी ३:०२

तर्री पोहे सोडायला सांगणारा अभ्यास नागपुरात चालणं कठीण आहे बाप्पा. रक्त घेतल्यावर तुम्हीच खाऊ घाला, गळती कमी होईल.

नळी_आणि_सुई | मंगळवार, दुपारी ३:१५

गंमत सोडा, नाश्त्याची सोय प्रोटोकॉलमध्ये खरंच लिहा. उपाशी आलेला मधुमेही घरी जाईपर्यंत साखर खाली जाऊ शकते.

प्लेटलेटबद्दल राहिलंच. ईडीटीएत काहींच्या प्लेटलेट गुठळ्या करतात आणि यंत्र ६०-७० हजार दाखवतं. फिब-४ दुप्पट-तिप्पट. प्लेटलेट १.५ लाखाच्या खाली आले की स्मिअर बघायचाच. गुठळ्या दिसल्या तर सायट्रेट नळीत पुन्हा मोजायचे आणि उत्तर १.१ ने गुणायचं, कारण नळीतल्या द्रवाने रक्त पातळ होतं.

रक्तपेशी | मंगळवार, रात्री ८:३०

सिकलसेलवर येते. तुमचा प्रश्न 'वगळायचे का' असा आहे, पण कोण सिकलसेलचं आहे हे तुम्हाला कळणार कसं? विदर्भात कित्येकांना स्वतःलाच माहीत नसतं. प्रत्येकाची सोल्युबिलिटी चाचणी आणि पॉझिटिव्ह आल्यास एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे मोजणारी तपासणी), हे आधी.

बिघाड कसा होतो ते बघा. तांबड्या पेशींत एएसटी प्लाझ्मापेक्षा कितीतरी पटीने जास्त असतं. पेशी फुटल्या की एएसटी चढतं, एएलटी फारसं नाही. वय २४, एएसटी ७०, एएलटी २८, प्लीहा निकामी झाल्यामुळे प्लेटलेट ४२०: फिब-४ येतो ०.७६. दिसायला छान, पण दोन चुकांनी एकमेकींना झाकलंय. आपल्याकडच्या अरब-इंडियन हॅप्लोटाइपमध्ये (सिकल जनुकाच्या प्रकारात) फीटल हिमोग्लोबिन जास्त असतं, त्यामुळे बऱ्याच जणांची प्लीहा मोठेपणीही टिकते आणि वाढलेली असते. त्याच रुग्णाचे प्लेटलेट ११० असते तर आकडा २.८९. यकृत दोन्हीकडे तेच.

हॅप्टोग्लोबिन (फुटलेल्या पेशींतलं हिमोग्लोबिन धरणारं प्रथिन) असलेल्या संचांचं तर विचारूच नका. फायब्रोटेस्टमध्ये (असाच एक तयार संच) ते आहे, शिवाय बिलिरुबिनही आहे. पेशी फुटणाऱ्या माणसात हॅप्टोग्लोबिन तळाला जातं आणि बिलिरुबिन चढतं, दोन्ही मिळून आकडा खोटाच वर ढकलतात. गिल्बर्ट सिंड्रोममध्येही बिलिरुबिनमुळे हाच घोटाळा.

तरी एसएस (दोन्ही जनुकं सिकलची असलेले) रुग्ण सरसकट वगळू नयेत असं मला वाटतं. वारंवार रक्त चढवल्याने लोह साचतं, कधी हेपॅटायटिस, म्हणजे खरा फायब्रोसिस व्हायला त्यांच्याकडे कारणं जास्तच आहेत. मुख्य सूत्र त्यांच्याविना बांधा आणि त्यांचा वेगळा गट ठेवा. एएस म्हणजे वाहक असलेले मुख्य गटात चालतील. प्रत्येकाचं एलडीएच आणि रेटिक्युलोसाइट (पेशी फुटण्याच्या खुणा) मात्र नोंदवा.

आकडेमोड | मंगळवार, रात्री ९:१०

वेगळ्या गटाला माझा विरोध नाही, पण ३० रुग्णांच्या गटावर कटऑफ काढायला कुणी बसू नये. त्या गटातून 'सूत्र कुठे मोडतं' एवढंच दाखवा.

रक्तपेशी | मंगळवार, रात्री ९:२६

मान्य. आणि मोसम विसरू नका. ऑगस्ट ते नोव्हेंबर डेंग्यूचे दिवस. डेंग्यूत प्लेटलेट पडतात आणि एएसटी हे एएलटीपेक्षा जास्त चढतं, म्हणजे फिब-४ बिघडवण्यासाठी ठरवून केल्यासारखं. तिशीतला तरुण, एएसटी १४०, एएलटी ९०, प्लेटलेट ६०: फिब-४ ७.४. बरा झाल्यावर एएसटी ३०, एएलटी ३५, प्लेटलेट २४०: ०.६३. ताप येऊन गेला असेल तर रक्त निदान सहा आठवड्यांनी घ्या. उलट बाजूने, लोहाच्या कमतरतेत प्लेटलेट वाढतात आणि आकडा खोटा खाली येतो. ॲनिमिया असलेल्या बायकांमध्ये हे विशेष बघा.

यकृतरेषा | बुधवार, सकाळी ८:०५

एएसटी-एएलटीची पद्धतही लिहून घ्या. अभिकर्मकात पायरिडॉक्सल फॉस्फेट आहे की नाही ते विचारा. नसेल तर ब-६ कमी असलेल्यांत, म्हणजे दारू पिणारे किंवा आयसोनियाझिड चालू असलेले क्षयरुग्ण, एन्झाइम खोटं कमी येतं. दोन लॅबमध्ये दोन पद्धती असतील तर सगळे नमुने एकाच ठिकाणी मोजा. जुन्या साठ्यातलं सीरम वापरायचा मोह होईल. ते उणे २० वर ठेवलेलं असेल तर एएलटीची क्रियाशीलता घटलेली असते, आणि एएलटी छेदात असल्याने फिब-४ फुगतो. एन्झाइम ताज्या नमुन्यावरच.

फायब्रोस्कॅन ठेवणारच असाल तर तीन तास उपाशी, दहा वैध मोजण्या, मध्यक ७.१ किलोपास्कल किंवा जास्त असेल तर आयक्यूआर (मोजण्यांमधला पसारा) मध्यकाच्या ३० टक्क्यांच्या आत. त्वचेपासून यकृत २५ मिलिमीटरहून खोल असेल तर एक्सएल प्रोब. एएलटी नॉर्मलच्या पाचपट झालेल्याचं स्कॅन फायब्रोसिससाठी मोजू नका.

एलायझावाला | बुधवार, दुपारी १:२०

आता प्लेटचा हिशोब, कारण किट एकदाच येणार म्हणता. ९६ खणांच्या प्लेटवर शून्य धरून ८ स्टँडर्ड (माहीत असलेल्या प्रमाणाचे नमुने) दुहेरी, म्हणजे १६ खण. तीन कंट्रोल दुहेरी, ६ खण. उरले ७४, म्हणजे ३७ रुग्ण दुहेरी. ४०० नमुन्यांना ११ प्लेट, फेरतपासणीला एक धरून १२. चार मार्कर ठेवलेत तर ४८ प्लेट, सगळ्या एकाच लॉटच्या, आणि लॉट क्रमांक ऑर्डरमध्येच लिहून घ्यायचा. अर्धे या लॉटचे आणि अर्धे त्या लॉटचे आले तर आधी २० नमुने दोन्हींवर चालवून फरक मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका.

प्लेटवर रुग्ण चिठ्ठ्या टाकून बसवा. पहिल्या प्लेटवर सगळे एफ०-एफ१ आणि शेवटच्यावर सगळे एफ४ असं झालं तर प्लेटमधला फरक आजारातला फरक म्हणून छापला जाईल. एक मिश्र सीरम बनवून त्याचे छोटे भाग करा आणि प्रत्येक प्लेटवर तेच लावा. प्लेटमधला सीव्ही (मोजण्यांतल्या फरकाची टक्केवारी) १० टक्क्यांच्या आत, प्लेटप्लेटमधला १५ च्या आत. दुहेरी खणांत २० टक्क्यांहून जास्त फरक आला तर तो नमुना परत.

किटच्या पत्रकावर विसंबू नका, स्वतः चार गोष्टी तपासा. जास्त आकडा असलेला नमुना १:२, १:४, १:८, १:१६ पातळ करून परत गुणल्यावर तोच आकडा येतो का. माहीत असलेलं प्रमाण मिसळल्यावर ८० ते १२० टक्के परत मिळतं का. मुद्दाम पेशी फोडलेल्या, चरबीने दुधाळ झालेल्या आणि पिवळ्याधमक सीरममध्ये आकडा सरकतो का. आणि खूपच जास्त प्रमाणात सिग्नल उलटा खाली येतो का, त्याला हुक म्हणतात. सिरोसिसमध्ये हायलुरोनिक इतकं वाढतं की हा धोका खरा आहे. एकाच पायरीत सगळं मिसळणाऱ्या किटमध्ये तो सगळ्यात जास्त. हायलुरोनिकला चांगली अँटिबॉडी मिळत नाही, कारण तो रेणू सगळ्या प्राण्यांत सारखाच. म्हणून किटमध्ये त्याला धरणारं प्रथिन वापरतात, आणि ते साखळीच्या लांबीप्रमाणे कमीजास्त धरतं. दोन कंपन्यांचे हायलुरोनिकचे आकडे एकमेकांत मिसळायचे नाहीत ते यासाठी. दुसऱ्या किटवर ईएलएफचं छापील सूत्र चालवणं हेही त्याच कारणाने चूक.

आणि आपला मे महिना. पत्रकात 'खोलीचं तापमान' म्हणजे २० ते २५. बाहेर ४५ असताना कूलरवरच्या खोलीत ३२ असतं. टीएमबीचा (रंग आणणाऱ्या द्रवाचा) रंग भराभर चढतो आणि वरचे स्टँडर्ड एकमेकांना चिकटतात. बिनकूलरच्या कोरड्या खोलीत कडेच्या खणांतलं पाणी उडतं आणि कडा मधल्यापेक्षा जास्त वाचतात. एसी हवाच, प्लेटला चिकट झाकण, अभिकर्मक फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर. रंग थांबवल्यावर ४५० नॅनोमीटरला वाचन, ५७० वजा करून. स्टँडर्डचा वक्र चार घटकांचा, सरळ रेष ओढायची नाही.

नळी_आणि_सुई | बुधवार, दुपारी २:०५

साठवणीचं मी जोडते. ५ मिलिलिटरच्या नळीतून साधारण २ मिलिलिटर सीरम मिळतं. २५० मायक्रोलिटरचे ८ भाग करा, एका मार्करला एक भाग, वितळवलेलं परत गोठवायचं नाही. उणे ८०. फ्रीजरचा अलार्म कुणाच्या तरी मोबाइलवर वाजला पाहिजे, भिंतीवर वाजून उपयोग नाही.

संत्रानगरी_लॅब | बुधवार, रात्री ९:४०

सगळ्यांचे आभार. आराखडा बदलला. लक्ष्य एफ३ आणि पुढे. मार्कर तीन: हायलुरोनिक, प्रो-सी३, टिम्प-१. पीथ्रीएनपी आणि वायकेएल-४० बाद. सूत्रात वय आणि प्लेटलेट धरून पाचच चल. मुख्य निकष बायोप्सी, स्कॅनचा निकाल वेगळ्या तक्त्यात. एफ३-एफ४ चे १०० होईपर्यंत भरती चालू ठेवायची, त्यासाठी दुसऱ्या संस्थेशी बोलणं चाललंय. एसएस वेगळा गट. संमतीपत्रात नमुने पुढच्या संशोधनासाठी ठेवण्याची परवानगी स्वतंत्र रकान्यात, मराठी, हिंदी आणि गोंडीत.

एक अडचण उरली. गडचिरोलीहून येणारे नमुने. अंतर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, तिथे सेंट्रिफ्यूज आहे पण लहान. रक्त तसंच बर्फावर ठेवून पाठवलं तर?

नळी_आणि_सुई | बुधवार, रात्री १०:०८

नको. न फिरवलेलं रक्त आइसपॅकला चिकटून बर्फासारखं गोठलं की पेशी फुटतात, आणि उन्हात गाडीत राहिलं तरी फुटतात. तिथेच फिरवा, सीरम वेगळं करा, २ ते ८ अंशांत त्याच दिवशी नागपूरला आणून उणे ८० मध्ये टाका. पेटीत तापमान नोंदणारं यंत्र. सीबीसीची नळी मात्र तिथल्याच लॅबमध्ये मोजून घ्या.

लहान यंत्रावर 'तीन हजार आरपीएम' लिहून भागत नाही. जी = ०.००००१११८ × त्रिज्या सेंटिमीटरमध्ये × आरपीएमचा वर्ग. त्रिज्या १५ असेल तर ३००० वर १५०९ जी मिळतात. लहान यंत्राची त्रिज्या ९ असते, तिथे ३००० वर फक्त ९०६. जेल नीट बसत नाही, वर पेशी तरंगतात आणि टिम्प-१ चढतं.

संत्रानगरी_लॅब | बुधवार, रात्री १०:१५

म्हणजे तिथे किती लावायचं?

नळी_आणि_सुई | बुधवार, रात्री १०:१९

९ सेंटिमीटरला ३८६० आरपीएम. पण आधी पट्टी घेऊन आसाच्या मध्यापासून नळीच्या तळापर्यंत मोजायला सांगा, झाकणावर छापलेलं धरू नका. यंत्र तेवढं पळत नसेल तर कळवा, वेळ वाढवून बसवू.